विश्लेषण : पर्यावरणासाठी परदेशात स्वयंसेवा... संधी कोणती, सापळा कोणता?

‘राहणे-जेवण मोफत, दिवसाला चार-पाच तास काम, ठिकाण युरोप’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात. माळशिरस, अकलूज किंवा नातेपुत्याच्या कृषी पदवीधराच्या मोबाइलवरही त्या येऊन पोहोचतात. सेंद्रिय शेती, जंगल-लागवड, नदी-स्वच्छता अशा कामांत परदेशातल्या स्थानिक गटांसोबत काही आठवडे किंवा वर्षभर राहून काम करण्याची ही संधी खरी आहे. मात्र तिच्याच नावाखाली लाखो रुपये उकळणारे दलालही आहेत. ही स्वयंसेवा नेमकी काय असते, खर्च कोणाचा, व्हिसा कोणता आणि फसवणूक कशी ओळखायची, याविषयी...

ही स्वयंसेवा म्हणजे नेमके काय?

स्थानिक लोकांनी चालवलेल्या पर्यावरणविषयक कामात बाहेरून येऊन विनामोबदला हातभार लावणे, एवढाच याचा अर्थ. यजमान एखादे सेंद्रिय शेत असते, सामुदायिक बाग असते, अभयारण्यालगतची संस्था असते किंवा एखाद्या गावाचा जलसंधारण गट असतो. स्वयंसेवकाला पगार मिळत नाही. मिळालेच तर राहणे, जेवण आणि हातखर्च.

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, दोन-तीन आठवड्यांची श्रमशिबिरे. यात वेगवेगळ्या देशांतले दहा-पंधरा जण एकत्र राहून एक ठरावीक काम पूर्ण करतात. दुसरा, शेतावरचा मुक्काम. दिवसातले चार ते सहा तास काम, त्या बदल्यात निवारा आणि जेवण. तिसरा प्रकार सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या दीर्घ सेवेचा. त्यात करार, विमा, प्रशिक्षण असे सगळे असते. पहिल्या दोन प्रकारांत अनुभव मिळतो, तिसऱ्यात काम शिकता येते. जाहिरातींत मात्र तिन्ही प्रकार एकाच पिशवीत घातले जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सुरुवात कुठून झाली?

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या वर्दूनजवळची गावे बेचिराख झाली. स्वित्झर्लंडचे अभियंते पियरे सेरेसोल यांनी १९२० मध्ये त्यातल्याच एन या गावी वेगवेगळ्या देशांतले मूठभर स्वयंसेवक नेले. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांतली माणसे एकत्र येऊन तात्पुरती घरे उभारत होती, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवून शेते सारखी करत होती. आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची परंपरा इथून सुरू झाली आणि त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना आकाराला आली.

हे पहिले शिबिर मात्र काही महिन्यांतच गुंडाळावे लागले. स्वयंसेवकांत जर्मन होते आणि ज्या गावाने जर्मनांशी लढताना सर्वस्व गमावले, तिथे त्यांच्या उपस्थितीला विरोध वाढत गेला. काम चांगले होते, हेतूही चांगला होता. गावाची तयारी नव्हती. यजमानाने बोलावले आहे का आणि काम त्याने ठरवले आहे का, हा प्रश्न या चळवळीला पहिल्याच वर्षी पडला. शंभर वर्षांनंतरही चांगली आणि वाईट स्वयंसेवा वेगळी करण्याची कसोटी हीच आहे.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतात आले. १९३७ पर्यंत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याशी जोडून घेत भूकंपग्रस्त गावांच्या पुनर्वसनात काम केले. इथे आराखडा स्थानिक संघटनेचा होता आणि परदेशी हात त्याला जोडले गेले होते.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

याच संघटनेचे परदेशी तरुण १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आले. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या या वसाहतीकडे फिरकायलाही तेव्हा लोक घाबरत. परदेशातून आलेली मुले कुष्ठमुक्तांच्या बरोबरीने बांधकाम करताना दिसली आणि आसपासच्या लोकांची भीती कमी होण्यास मदत झाली. पुढे १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ येथे बाबांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातले तरुण दर उन्हाळ्यात जाऊ लागले.

पर्यावरणाच्या क्षेत्रातले ठळक उदाहरण फादर हर्मन बाखर यांचे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात अनेक दशके काम केले. १९९० च्या दशकातला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. या कार्यक्रमात पैसा जर्मनीचा होता, पण अटी गावाला पाळाव्या लागत. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, पाणलोट समिती नेमायची. मगच पुढचे काम. बाहेरून आलेला माणूस इथे मुकादम नव्हता.

माळशिरस स्वतः यजमान असते तेव्हा काय दिसते?

परदेशातल्या गावाला स्वयंसेवक कसे वाटत असतील, याची कल्पना माळशिरसकरांना करता येईल, कारण आषाढीच्या आधी हा तालुका स्वतःच यजमान असतो. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीतून सोलापूर जिल्ह्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे तिचे मुक्काम पडतात. संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. लाखो वारकरी एका रात्रीसाठी गावात उतरतात आणि सकाळी मागे राहतो तो कचरा आणि सांडपाणी.

गेल्या दशकभरात पालखी मार्गावर ‘निर्मल वारी’ आणि ‘स्वच्छ वारी’सारखे उपक्रम रुजले. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहतात, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते पहाटेपासून वारकऱ्यांना त्यांचा वापर करण्याची विनंती करतात, कचरा उचलतात, पत्रावळ्यांचा आग्रह धरतात. बाहेरून आलेल्यांचा उत्साह महत्त्वाचा असतोच. पण पाण्याचा टँकर कुठे लावायचा, कोणत्या गल्लीत किती दिंड्या उतरतात, मैला कुठे न्यायचा, हे ग्रामपंचायत आणि गावकऱ्यांनाच ठाऊक असते. त्यांना न विचारता उभारलेली व्यवस्था दुसऱ्या दिवशी गावाच्याच डोक्यावर येते. स्वयंसेवक निघून जातो आणि गावाला तिथेच राहायचे असते. परदेशी जाताना नेमकी हीच जाणीव सोबत न्यावी लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने ही यजमानकी वेगळ्या पद्धतीने जमवली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला आणि बाहेरून येणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. कासव वाचले तर गावातल्या घरांना दोन पैसे मिळतात, हे गणित जमल्याने काम टिकले.

भारतीय तरुणांसाठी प्रत्यक्ष वाटा कोणत्या?

जर्मनी : ‘स्वयंसेवी पर्यावरण वर्ष’ ही तिथली कायद्याने मान्य योजना. साधारण २७ वर्षांपर्यंतचे तरुण तिच्यात भाग घेतात. मुदत बहुधा १२ महिने. निसर्ग संरक्षण केंद्र, सेंद्रिय शेत, पर्यावरण शिक्षण संस्था अशा ठिकाणी पूर्णवेळ काम असते. हातखर्च, सामाजिक विमा आणि ठरावीक प्रशिक्षण सत्रे मिळतात. अनेक ठिकाणी राहण्याचीही सोय असते. २०११ पासून ‘संघीय स्वयंसेवा’ ही दुसरी योजनाही आहे, तिला वयाची वरची मर्यादा नाही. दोन्हींसाठी कामापुरती जर्मन भाषा यायला हवी आणि संस्थेशी लेखी करार हवा.

ब्रिटन : ‘चॅरिटी वर्कर’ नावाचा वेगळा तात्पुरता व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो. तिथल्या सरकारकडून परवाना मिळालेल्या धर्मादाय संस्थेनेच प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. काम विनामोबदला.

सेंद्रिय शेतांचे जाळे : ‘वूफ’ या नावाने ओळखले जाणारे हे जाळे १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाले. लंडनमध्ये सचिव म्हणून नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना शनिवार-रविवारी शेतावर जायचे होते, तेवढ्यावरून. आज अनेक देशांत त्याच्या शाखा आहेत, भारतातही आहे. सभासदत्व घेतले की यजमान शेतांची यादी मिळते. व्हिसाची जबाबदारी मात्र हे जाळे घेत नाही.

श्रमशिबिरे : ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’सारख्या संघटना आपल्या देशातल्या शाखेमार्फत शिबिरार्थी पाठवतात. नोंदणी शुल्क आणि विमान भाडे स्वतःचे.

संयुक्त राष्ट्रे : ‘युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स’ ही १९७० मध्ये स्थापन झालेली यंत्रणा. परदेशी नेमणुकीसाठी शिक्षण आणि अनुभव लागतो. निवड झाल्यास निर्वाह भत्ता मिळतो. घरबसल्या करायची ऑनलाइन स्वयंसेवाही आहे. नकाशे, भाषांतर, माहिती संकलन अशी कामे त्यात असतात आणि त्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही.

पर्यटक व्हिसावर जाता येते का?

बहुतेक वेळा नाही, आणि सर्वाधिक मुले अडचणीत येतात ती इथेच. ‘पगार नाही म्हणजे नोकरी नाही’ असे आपल्याला वाटते. पण राहणे-जेवण हाच मोबदला, असे अनेक देशांचे कायदे मानतात. त्यामुळे पर्यटक म्हणून उतरून शेतावर काम करताना सापडल्यास परत पाठवले जाऊ शकते आणि पुढच्या व्हिसा अर्जांवरही त्याचा परिणाम होतो.

काही ठिकाणी मर्यादित सवलत आहे. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. पण ही सवलत त्या देशापुरती. नियम बदलतात, म्हणून संबंधित दूतावासाचे अधिकृत संकेतस्थळ हाच खात्रीचा आधार. ‘आधी टुरिस्टवर जा, तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगणारा माणूस धोक्याच्या दारात नेऊन सोडतो आहे, असे समजावे.

खर्च कोणाचा आणि तो योग्य आहे का?

पासपोर्टचे शुल्क प्रौढांसाठी साधारण १,५०० रुपये. त्यानंतर व्हिसा शुल्क, विमा आणि विमान भाडे. दीर्घ सेवेच्या अधिकृत योजनांत राहणे-जेवण किंवा हातखर्च यजमान संस्था उचलते, त्यामुळे खरा खर्च प्रवासाचा आणि भाषा शिकण्याचा. दोन आठवड्यांच्या शिबिरांत मात्र जवळपास सगळा भार स्वयंसेवकावर पडतो.

काही कंपन्या ‘स्वयंसेवा सहली’ विकतात. आठवड्याचे शुल्क घ्यायचे, रोपे लावतानाचे फोटो आणि प्रमाणपत्र द्यायचे. त्या पैशातले यजमान गावाला किती पोहोचले, हे अनेकदा कळतच नाही. रोपे लावायला माणसे मिळतात. तीन वर्षे पाणी घालायला कोणी उरत नाही.

आणखी एक हिशेब पर्यावरणाचाच आहे. मुंबईहून युरोपला जाऊन परत येण्यात एका प्रवाशामागे साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरासरी भारतीय माणसाचे वर्षभराचे उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे पंधरा दिवस झाडे लावण्यासाठी सहा महिन्यांचे उत्सर्जन खर्ची पडते. वर्षभर राहून एखादे तंत्र शिकून परत येणाऱ्यासाठी हे गणित बसू शकते. फोटोंसाठी जाणाऱ्याचे ते बसत नाही.

फसवणूक कशी ओळखावी?

पैसे भरण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात. यजमान संस्था त्या देशात नोंदणीकृत आहे का आणि ती थेट ई-मेलला उत्तर देते का? कामाचे स्वरूप, रोजचे तास, सुटी, राहण्याची जागा हे लेखी आहे का? व्हिसाचा प्रकार नावानिशी सांगितला आहे का? पैसे संस्थेच्या खात्यात जातात की कुणाच्या वैयक्तिक खात्यावर? आणि तिथे आधी जाऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोलता येते का?

‘स्वयंसेवा’ म्हणून सांगितले जाते आणि प्रत्यक्षात पूर्णवेळ मजुरी असते, असेही घडते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी लागते आणि ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर पाहता येते. आग्नेय आशियात चांगल्या कामाच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांना सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांत डांबल्याची प्रकरणे अलीकडच्या वर्षांत उघड झाली आहेत. परदेशात पोहोचल्यावर कोणी पासपोर्ट काढून घेत असेल तर लगेच भारतीय दूतावास गाठावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

माळशिरसच्या तरुणाकडे देण्यासारखे काय आहे?

बरेच आहे. परदेशी जाणारा म्हणजे फक्त शिकायला जाणारा, असे नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला पाण्याचे आवर्तन, पाळी, पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी न पोहोचण्याची भांडणे हे सगळे घरातून माहीत असते. पिलीव भागातल्या मुलाला पावसाच्या भरवशावरची शेती माहीत असते. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजवणे, ठिबकच्या नळ्या बसवणे आणि साफ करणे, डाळिंबाची बाग जगवणे ही हाताची कौशल्ये आहेत. उन्हाळे कडक होत चाललेल्या दक्षिण युरोपातल्या शेतांवर त्यांना किंमत आहे.

शिकण्यासारखेही तितकेच आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवणारे शेतकऱ्यांचे ‘जल न्यायालय’ शतकानुशतके चालू आहे. दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात ते भरते, कामकाज तोंडी चालते आणि निवाडा लगेच होतो. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, पण अनेक संस्था कागदावरच राहिल्या. तिकडे वर्षभर राहिलेल्या मुलाने ही पद्धत जवळून पाहिली, तर परतल्यावर आपल्या वितरिकेवर बोलण्यासारखे त्याच्याकडे काहीतरी असेल.

तयारी कुठून सुरू करावी?

गावातून. निवड करणाऱ्या संस्था पदवीइतकेच आधी केलेले काम पाहतात. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत असताना वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर होते. त्याची नोंद आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे. पालखी मुक्कामाच्या गावात स्वच्छतेचे काम करता येते. सोमनाथच्या छावणीत जाता येते. जलसंधारण पाहायचे असेल तर ते जिल्ह्यातच आहे : बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाने २०१९ च्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदानाच्या जोरावर राज्यात पहिला क्रमांक मिळवला होता. अशा ठिकाणी आठवडाभर राहून काम केल्यावर आपल्याला ही मेहनत आणि हे राहणे झेपते का, ते विमानाचे तिकीट न काढता कळते.

त्यानंतर वेळापत्रक आखावे. जर्मनीतली स्वयंसेवा वर्षे बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यापासून घेतले जातात. म्हणजे पासपोर्ट आणि भाषेचा अभ्यास किमान दीड वर्ष आधी सुरू हवा. अर्जात ‘मला जग पाहायचे आहे’ असे लिहिण्यापेक्षा आपल्याला कोणते काम येते, कोणते शिकायचे आहे आणि परतल्यावर ते कोणत्या शिवारात वापरणार, हे चार ओळींत लिहिलेले अधिक उपयोगी ठरते. या चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तर पैसे भरण्याची घाई करू नये.